अध्यक्षांचा चहा

आमच्या कॉलनीत टीव्हीवाल्यांनी भुताचा सिनेमा काढला तेव्हा त्यांना बाहेरून फारसं काही आणावं लागलं नाही. धूर सोडायचं यंत्र आणलं, रक्त गळणारा एक नारळ आणला आणि चार नटनट्या आणल्या. बाकी सगळं आमच्याकडे होतंच. अध्यक्ष तर होतेच होते.

पडेगावच्या पुढं, दौलताबादकडं जाणाऱ्या रस्त्याला लागून आमची कॉलनी आहे. एक सरळ गल्ली, दोन्ही बाजूंना एकासारखी एक रो-हाउसं. गच्चीवरून किल्ला दिसतो असं बिल्डरनं जाहिरातीत लिहिलं होतं. दिसतो, पण टाचा उंच कराव्या लागतात. मी तेव्हा सिडकोतल्या एका शाळेत शिकवत होते, आमचे हे वाळूजला कंपनीत होते, आणि शहरातल्या भाड्याच्या घराला कंटाळून आम्ही इथं येऊन पडलो होतो.

अध्यक्ष पाटबंधारे खात्यातून निवृत्त झालेले. उभा जन्म पाण्याच्या खात्यात काढलेला माणूस आठवड्यातून एकदा नळ येणाऱ्या कॉलनीत राहायला आला, यात त्यांना स्वतःला काही गंमत वाटत नसे. बुटके, गोरटेले, कडक इस्त्रीचा सफारी, गळ्यात शिट्टी आणि खिशात मोजपट्टी. त्यांना कुणी निवडून दिलं होतं हे कॉलनीत कुणालाच आठवत नव्हतं. म्हणे पहिल्या सभेत ते समोरच्या खुर्चीवर बसले आणि त्यानंतर उठलेच नाहीत. आम्ही त्यांना साहेब म्हणायचो.

सकाळी ते गल्लीतून एक फेरी मारत. चपला दाराबाहेर जोडीनं लावलेल्या नसल्या की शिट्टी. समोरच्या कठड्यावर टॉवेल वाळत असला की शिट्टी. तुळशीवृंदावन भिंतीपासून जितकं लांब असायला हवं तितकं नसलं की मोजपट्टी. सगळ्या घरांची फाटकं फिक्या साईच्या रंगाची असली पाहिजेत हा त्यांचा नियम होता. एकदा आमच्या फाटकाचा रंग पावसानं उडाला तेव्हा मी दुकानातून हाताला लागला तो डबा आणला. तो जरा पिवळा निघाला. दुसऱ्या दिवशी साहेब दारात.

"मॅडम, माझं काही नाही हो. मला तर पिवळा लई आवडतो. पण लोकांचं म्हणणं पडलं."

हे त्यांचं पेटंट वाक्य. माझं काही नाही हो, लोकांचं म्हणणं पडलं. कोणाच्या कुत्र्याबद्दल, कोणाच्या मुलीच्या स्कूटरबद्दल, कोणाकडे रविवारी येणाऱ्या मटणाच्या वासाबद्दल, सगळ्याबद्दल लोकांचं म्हणणं पडत असे. साहेबांचं स्वतःचं कधीच काही म्हणणं नसे. हे लोक कोण, ते मला कधी भेटले नाहीत. मी गल्लीतल्या बायकांना विचारायची, तर त्या म्हणायच्या, आम्ही नाही बाई, पलीकडचे असतील. पलीकडचे म्हणायचे, अलीकडचे असतील. आम्ही मुकाट्यानं फाटक पुन्हा साईच्या रंगाचं केलं.

पण साहेबांची खरी कीर्ती चहाची. कॉलनीत घर विकायचं असो की भाड्यानं द्यायचं असो, साहेबांची ना-हरकत लागायची. शिक्का त्यांनी स्वतः गुलमंडीवर जाऊन करवून आणला होता. ज्याचं घर त्याच्या नावावर, त्याला असल्या शिक्क्याची काही गरज नाही, हे आम्हाला फार उशिरा कळलं. सगळी शिकलेली माणसं, पण गोल शिक्का दिसला की आमचा हात आपोआप अर्ज लिहायला लागतो. तर ना-हरकतीच्या आधी चहा. येणाऱ्या कुटुंबाला रविवारी साहेब घरी बोलवत. सोनेरी काठाची कपबशी, बशीत मारी बिस्किटं. आम्हालाही बोलावलं होतं, तेव्हा मला वाटलं, काय बाई अगत्य! माझ्या माहेरी बीडला असं बोलावतात.

चहाबरोबर साहेब प्रश्न विचारत. अगदी मऊ आवाजात, बिस्किटाची बशी पुढं सरकवत. गाव कोणतं? तिथं घर कुठल्या बाजूला? पाहुणे कुठले? कुलदैवत कोणतं? साहेबांना एका गोष्टीचा फार अभिमान होता आणि तो ते सभेत बोलूनही दाखवत. "मी आयुष्यात कधी कुणाला जात विचारली नाही. जात विचारणं वाईट." आणि खरंच त्यांनी ती कधी विचारली नाही. ज्याला गावातलं घर कुठल्या बाजूला ते विचारता येतं त्याला जात विचारायची गरजच काय!

उत्तरं मनाजोगी आली की आतून दुसरा अर्धा कप यायचा. नाही आली तर यायचा नाही. एवढीच खूण, पण सगळ्या कॉलनीला ती माहीत होती. चहाहून परतणाऱ्या माणसाला शेजारीण फाटकातच गाठायची, "किती कप झाले?" आम्हाला दुसरा कप आला होता. दुसऱ्या आठवड्यात शिक्का मिळाला.

माझ्या शेजारी पाठक काकू राहत. काका जाऊन बरीच वर्षं झालेली, एकट्याच असायच्या आणि त्यांच्या दोन्ही गुडघ्यांनी संप पुकारला होता. झोपायची खोली वर, स्वयंपाकघर खाली. काकू सकाळी एकदा खाली उतरत आणि रात्री एकदा वर चढत, मधल्या वेळात वर काही राहिलं असेल तर ते राहिलं. मुलगी नाशिकला. तिनं आपल्या शेजारी तळमजल्याचं घर बघून ठेवलं होतं. इथलं घर विकलं गेलं की तिथलं घ्यायचं, इतकं सरळ. काकू रोज मला विचारायच्या, "कुणी बघायला येणारंय का गं?" त्यांच्या सामानाची अर्धी खोकी बांधून जिन्याखाली ठेवलेली होती.

मग काकूंना गिऱ्हाईक मिळालं, तेही गुडघ्यांमुळंच. दवाखान्यात गुडघ्यात इंजेक्शन घ्यायला जायच्या तिथली नर्स सुजाता. नवरा प्रवीण तंत्रनिकेतनात शिकवायचा. दोघं घर शोधत होते. एकदा सुजाता काकूंना घरी सोडायला आली, तिनं घर पाहिलं, गच्चीवर गेली आणि टाचा उंच करून किल्ला पाहून आली. काकूंना ती इतकी आवडली की त्यांनी तिला लगेच सांगून टाकलं, "घर तुलाच देणार." मग अर्थात रविवारचा चहा आला. काकूंच्या गुडघ्यांमुळं त्यांना धरून न्यायला मी होतेच.

साहेबांनी बिस्किटं पुढं केली.

"गाव कोणतं म्हणालात?"

"सिल्लोडकडं, काका," प्रवीण म्हणाला.

"वा. कपाशीचा मुलूख. आमचं येणंजाणं होतं तिकडं. गावात घर कुठल्या बाजूला?"

प्रवीणचा कप ओठापाशी थांबला. सुजातानं मात्र हसून उत्तर दिलं. "आधी गावाबाहेर होतं, काका. आता गाव वाढलं, त्यामुळं मधे आलं."

मला हसू फुटलं. काकूंनाही फुटलं, पण त्यांनी ते खोकल्यात घातलं. साहेब "वा, वा" म्हणाले आणि पाहुणे, कुलदैवत हे प्रश्न त्यांनी विचारलेच नाहीत. पाऊस यंदा कसा, रस्त्याचं काम कधी संपणार, असं बोलत राहिले. त्यांच्या पत्नी, आम्ही त्यांना माई म्हणायचो, किटली घेऊन स्वयंपाकघराच्या दारात आल्या, जरा वेळ उभ्या राहिल्या आणि तशाच आत गेल्या.

दुसऱ्या दिवशी साहेब काकूंच्या दारात. मी तिथंच होते.

"पाठक काकू, माझं काही नाही हो. पोरं चांगली आहेत. शिकलेली आहेत. पण लोकांचं म्हणणं पडलं."

"कोण म्हणू लागलंय?" काकूंनी विचारलं. "नावं सांगा. मी जाऊन बोलते त्यांच्याशी."

"नावं कशी सांगू? विश्वासानं सांगितलंय त्यांनी."

"मी तर काही म्हटलं नाही," मी म्हणाले.

साहेबांनी माझ्याकडं दयेनं पाहिलं. "तुमच्या मिस्टरांना विचारून बघा."

मी विचारलं. आमचे हे त्या आठवड्यात सलग रात्रपाळीवर होते आणि काही म्हणण्याइतके जागे कधी नव्हतेच. काकूंनी सुजाताला फोन केला आणि तिला काय सांगावं हे न सुचून रडल्या. सुजाताच त्यांची समजूत घालत होती. खोकी जिन्याखाली तशीच राहिली.

टीव्हीवाले आले ते यानंतर. एका वाहिनीसाठी भुताचा सिनेमा करायचा होता. दिग्दर्शक बाई होत्या, तरुण, बारीक, सारखी बडीशेप चघळणाऱ्या. त्यांना शहराबाहेरची अशी कॉलनी हवी होती जिथं सगळं अगदी ठीकठाक आहे. गोष्ट अशी की एक नवं जोडपं छानशा कॉलनीत राहायला येतं, शेजारी गोड गोड बोलतात, डबे आणून देतात, आणि हळूहळू कळतं की इथं काहीतरी भयंकर आहे. बाईंनी आमची गल्ली पाहिली, दोन्ही बाजूंची एका रंगाची फाटकं पाहिली, जोडीनं लावलेल्या चपला पाहिल्या आणि म्हणाल्या, "सेट लावायची गरज नाही."

साहेबांना यात कौतुक दिसलं. त्यांनी ताबडतोब परवानगी दिली आणि दुसऱ्या दिवसापासून सिनेमाचंही अध्यक्षपद घेतलं. दिवे लावणाऱ्या मुलांना चपला जोडीनं काढायला लावलं. कॅमेरामनला वृंदावनापासून किती अंतरावर उभं राहायचं ते मोजून दाखवलं. पहिल्यांदा धुराचं यंत्र सुरू झालं तेव्हा गल्लीतल्या सगळ्यांना वाटलं महापालिकेची डासांची फवारणी आली. बायकांनी भराभर भांड्यांवर झाकणं घातली, कुणी दारं लावून घेतली, कुणी उलट दारं उघडून म्हणाले आत पण मारा. बाईंना हवी असलेली सुनसान गल्ली काही त्या दिवशी मिळाली नाही. नारळातलं रक्त सरबताचं होतं. ते मुंग्यांनी खाल्लं.

कॉलनीच्या अध्यक्षाचं काम करणारा नट पुण्याहून यायचा होता, त्याला कावीळ झाली. बाई डोक्याला हात लावून बसल्या. तिथंच जवळ साहेब एका दिवेवाल्याला समजावत होते, माझं काही नाही हो, पण लोकांचं म्हणणं पडलं की तुम्ही विडी पिता. बाई ते ऐकत राहिल्या. मग उठून गेल्या.

"काका, तुम्ही काम कराल?"

"खात्याच्या गणपतीत मी नाटकात असायचो," साहेब म्हणाले. "अंगात आहे ते. डायलॉग द्या."

"डायलॉग नकोत. कॉलनीत नवीन माणसं आली की तुम्ही काय करता?"

"चहाला बोलावतो."

"मग तेच करा."

याला हात दाखवून अवलक्षण म्हणतात. पण साहेबांना त्यात मानच दिसला. शूटिंग त्यांच्याच दिवाणखान्यात ठरलं, माईंनी सोनेरी काठाच्या कपबश्या काढल्या, आणि निम्मी कॉलनी खिडक्यांना लागली. मी आत कोपऱ्यात उभी होते. जोडप्यातली नायिका मुंबईची पोरगी होती. तिला एवढंच सांगितलं होतं की काका विचारतील ते मनानं सांग.

साहेबांनी बिस्किटं पुढं केली. "गाव कोणतं?"

"डोंबिवली."

"ते राहायचं झालं. मूळ गाव?"

"आजोबांचं साताऱ्याकडे आहे."

"वा. गावात घर कुठल्या बाजूला?"

"म्हणजे?"

"म्हणजे देवळाकडं की ओढ्याच्या पलीकडं?"

पोरगी गोंधळली. "मला नाही माहीत."

"वडिलांना विचारून सांगा," साहेब म्हणाले, आणि बशी जरा अजून तिच्याकडं सरकवली. "घाई नाही."

त्या घाई नाहीमध्ये इतकी माया होती की माझ्या अंगावर काटा आला. बाईंनी थांबा म्हटलं नाही, कॅमेरा चालूच ठेवला. माई नेहमीसारख्या किटली घेऊन दारात येऊन उभ्या राहिल्या. त्यांना कुणी यायला सांगितलं नव्हतं, पण इतक्या वर्षांची सवय. शेवटी बाईंनी हळूच विचारलं, "माई, तुम्ही का थांबल्यात तिथं?"

माई म्हणाल्या, "ह्यांनी दोन बोटं उचलली की वतायचा. नाय तर नाय."

नायिका साहेबांच्या हाताकडं बघत होती. तो हात सोफ्याच्या दांडीवर पालथा पडलेला, बोटं दांडीला खिळल्यासारखी. साहेबच मोठ्यानं म्हणाले, "कसं झालं? नॅचरल झालं ना?"

बाईंनी बडीशेप गिळली आणि म्हणाल्या, "फारच." त्या दिवशी त्या गाडीत बसून बराच वेळ लिहीत होत्या. मूळ गोष्टीचं नाव काहीतरी रक्ताबिक्ताचं होतं, ते बदललं. नवी गोष्ट अशी झाली की या कॉलनीत अध्यक्षांकडे दुसरा कप प्यायलेली माणसं हळूहळू एकमेकांसारखी होत जातात. त्यांची फाटकं एका रंगाची होतात, हसणं एकसारखं होतं, आणि शेवटी नवं माणूस आलं की ती सगळी खिडकीत उभी राहून बघतात. ज्यांना दुसरा कप मिळत नाही ती गायब होतात. कुठं जातात ते सिनेमात सांगितलेलं नाही.

सिनेमा लागला त्या संध्याकाळी साहेबांनी मोकळ्या जागेत पडदा लावला. गणपतीच्या खुर्च्या मांडल्या, सगळ्यांना घरोघरी जाऊन बोलावणं केलं. स्वतः पहिल्या रांगेत, नव्या सफारीत. सुरुवातीला मजा आली. आपलं फाटक दिसलं की ज्याचं त्याचं कुटुंब टाळ्या वाजवत होतं. रक्ताच्या नारळाला पोरं हसली. मग चहा आला. आधी सगळीकडं ढँण ढँण संगीत होतं, इथं बाईंनी ते काढून टाकलं होतं. नुसता कपबशीचा आवाज आणि साहेबांचा मऊ आवाज. गाव कोणतं? गावात घर कुठल्या बाजूला? घाई नाही. आणि मग कॅमेरा बराच वेळ माईंवर, दारात, हातात किटली.

साहेब मागं वळून आमच्या तोंडांकडं बघत होते, कौतुक शोधत. आम्ही सगळे पडद्याकडं बघत होतो, कारण दुसरीकडं कुठं बघायची सोय नव्हती. मैदानात बसलेलं प्रत्येक माणूस दुसऱ्या कपाचं होतं. मला लाज वाटली आणि रागही आला, आणि हे दोन्ही कुणावर काढावं हे कळेना.

"लई नॅचरल झालं साहेब," मागून कुणीतरी म्हणालं, आणि आम्ही आपापल्या खुर्च्या उचलल्या.

साहेबांनी दारावरच्या पाटीवर अध्यक्ष या शब्दाखाली कलाकार असं रंगवून घेतलं. बाजारात पोरं त्यांच्याबरोबर फोटो काढत. त्यांना वाटे लोक आपल्याला ओळखायला लागले. लोक ओळखत होतेच. मी मिल कॉर्नरवरून रिक्षा केली आणि कॉलनीचं नाव सांगितलं तर रिक्षावाला म्हणाला, "वो भूतवाली? बैठो मॅडम, पर अंदर तक नै आऊँगा."

हसण्यावारी न्यावं असं ते राहिलं नाही. काकूंचं घर बघायला एजंट माणसं आणायचा. चांगली माणसं, ज्यांना साहेबांनी पहिल्या घोटाला दोन बोटं दाखवली असती अशी. ती गल्लीच्या तोंडाशी यायची, दोन्हीकडची साईच्या रंगाची फाटकं बघायची आणि म्हणायची, "हीच ती ना?" एक बाई तर गाडीतून उतरल्याच नाहीत. काच खाली करून माझ्याकडं बघून हसल्या आणि काच वर केली. मी सिनेमातल्या माणसांसारखीच हसले असणार.

नाशिकच्या घराचा मालक थांबायला तयार नव्हता. काकूंची मुलगी रोज फोन करून रडकुंडीला यायची. एका सकाळी काकू जिन्यात बसलेल्या सापडल्या, मधल्या पायरीवर, ना वर जाता येत होतं ना खाली. मी धरून खाली आणलं. त्या म्हणाल्या, "मी इथंच मरणार बघ. आणि मग खरंच भूत होईन." मी तिथूनच सुजाताला फोन लावला. त्यांनी अजून घर घेतलं नव्हतं. जिथं जातील तिथं लोकांचं म्हणणं पडत होतं.

"काकूंचं घर अजून आहे," मी म्हणाले. "पण सिनेमा बघितला असशील."

"बघितला ना मॅडम. आम्ही दोघांनी दोनदा बघितला." मग म्हणाली, "इथलं भूत गाव तर विचारत नाही ना?"

ती येणार हे साहेबांना कळलं तसे ते स्वतः काकूंकडे धावत आले. रिकामं घर म्हणजे कॉलनीची बदनामी, आता कुणीतरी येणं भाग होतं. "चहाला घेऊन या," म्हणाले. "माझं काही नव्हतंच हो तेव्हा."

पुन्हा तोच रविवार, तीच कपबशी, तीच मारी बिस्किटं. काकूंना धरून मी. साहेबांनी गावबिव काही विचारलं नाही. पाण्याचा प्रश्न लवकरच सुटेल म्हणाले, किल्ला दिसतो म्हणाले, कॉलनी म्हणजे एक कुटुंब म्हणाले. सुजातानं शांतपणे चहा संपवला आणि कप बशीत ठेवला. साहेबांनी सोफ्याच्या दांडीवरची दोन बोटं उचलली. नीट दिसतील अशी, जरा जास्तच उंच. माई किटली घेऊन आल्या.

सुजातानं कपावर तळहात ठेवला.

"नको, माई. चहा छान झालाय." मग साहेबांकडं बघून म्हणाली, "माझं काही नाही हो काका. पण लोकांचं म्हणणं पडलं, तुमच्याकडं दुसरा कप पिलं की माणूस तुमच्यासारखं होतं."

काकूंनी या वेळी हसू खोकल्यात घातलं नाही. साहेबांचा चेहरा असा झाला की मला क्षणभर त्यांची कीव आली, पण क्षणभरच. ते घाईघाईनं म्हणाले, "ना-हरकत आत्ता देतो. शिक्का आणतो."

"नको ना काका," प्रवीण म्हणाला. "वकिलाला विचारलं आम्ही. रजिस्ट्रीला तो शिक्का लागतच नाही. घर काकूंचं आहे. काकू देऊ लागल्यात, आम्ही घेऊ लागलोत."

माई किटली हातात घेऊन तिथंच उभ्या होत्या. मग त्यांनी साहेबांच्या हाताकडं न बघता स्वतःसाठी एक कप घेतला, त्यात चहा ओतला, आणि आमच्यात येऊन बसल्या. त्या घरात त्यांना बसून चहा पिताना मी पहिल्यांदा बघत होते.

काकू नाशिकला गेल्या. जाताना म्हणाल्या, तिथं एक पायरी सुद्धा नाही. सुजाता आणि प्रवीण राहायला आले आणि पहिल्याच आठवड्यात त्यांनी फाटक रंगवलं. निळं. चांगलं ठसठशीत निळं, गल्लीच्या तोंडापासून दिसेल असं. त्या रविवारी मी आमचं पिवळं केलं. या वेळी डबा बघून आणला. समोरच्यांनी हिरवं केलं.

मग एका सकाळी साहेबांची फेरी आली. निळ्या फाटकासमोर थांबले. शिट्टी ओठाला लावली, पण वाजवली नाही. मी आमच्या फाटकात झाडू घेऊन उभी होते. त्यांनी माझ्याकडं पाहिलं.

"मॅडम, माझं काही नाही हो. पण लोकांचं..."

"कोणत्या लोकांचं?" मी विचारलं.

साहेबांनी गल्ली पाहिली. एका बाजूनं पाहिली, मग दुसऱ्या बाजूनं. निळं, पिवळं, हिरवं. त्या सकाळी पाठीशी उभा करायला तिथं एकही लोक नव्हता. सफारीतला तो माणूस मला एकदम खूप लहान दिसला. मग ते खाकरले.

"माझंच," ते म्हणाले. "मला नाही आवडला रंग."

इतक्या वर्षांत साहेबांनी स्वतःचं म्हणणं स्वतःच्या नावावर सांगितलेलं मी तेवढं एकदाच ऐकलं. पुढं ते मुलाकडं पुण्याला गेले, शिट्टीसकट. पाटी अजून आहे, कलाकार हा शब्द उडत चाललाय.

त्या सकाळी सुजाता आत भांडी लावत होती. तिनं ऐकलं. ड्यूटीला निघायच्या गडबडीत होती, तरी बाहेर आली, ओले हात ओढणीला पुसले.

"बरं काका," म्हणाली. "तुम्हाला नाही आवडला, हे कळलं." आणि फाटक लावून घेतलं.